ताण दिलाय

आण्याच्या पठारावर ‘पाणी संपलं’ असं कुणी म्हणत नाही. ज्याची विहीर आटली तो म्हणतो, "गाळ काढायला घेतलीय." ज्याचं बोअर नुसती हवा ओकतं तो म्हणतो, "मोटर जळलीय, भरायला टाकलीय." आणि ज्याची डाळिंबाची बाग आहे त्याचं तर बरंच असतं. तो पानं गळालेल्या झाडांकडं पाठ करून उभा राहतो, तंबाखू मळतो आणि म्हणतो, "ताण दिलाय."

डाळिंबाला ताण द्यावा लागतो ही गोष्ट खरी. बहार धरायच्या आधी दीड-दोन महिने पाणी तोडायचं, पानं पिवळी पडू द्यायची आणि मग मिरगाला पाणी सोडायचं. तहानेनं घाबरलेलं झाड असं काही फुलतं की बघत राहावं. पण पाणी तोडायचं तर आधी ते असावं लागतं. घरात फराळाचं भरलेलं असतं त्याच्या उपासाला उपास म्हणतात. डबेच रिकामे असले तर त्याला वेगळा शब्द आहे. तो शब्द पठारावर कुणी उच्चारत नाही, एवढंच.

हौशीरामनं दोन हजार तीनच्या दिवाळीत ताण दिला तो चारचा मे उजाडला तरी चालूच होता.

"सात महिन्यांचा ताण?" शेजारचा भागू बांधावर बसून म्हणायचा. "आरं हौशा, बाईसुदीक नऊ महिन्यांत मोकळी व्हती. तुझी झाडं कधी व्हनार?"

"आमचं शास्त्रात हाय," हौशीराम म्हणायचा. "तुला न्हाई कळायचं. तुझी सीताफळं रानटी."

भागूची वीस सीताफळं खरंच रानटी होती. त्यांना त्यानं जन्मात कधी तांब्याभर पाणी घातलं नव्हतं. त्याचं वाईट ना झाडांना वाटत होतं, ना भागूला.

हौशीरामची मात्र तीनशे बारा झाडं होती. आठ वर्षांपूर्वी त्यानं आणि ठकूबाईनं मुरमात पहारीनं खड्डे घेऊन लावलेली. पोरी नांदायला गेल्या, घरात दोघंच राहिली आणि तेव्हापासून दोघांच्या बोलण्यात माणसांपेक्षा झाडंच जास्त येत होती. बोअर पहाटे चालू केलं की गुरगुर करायचं, खोकायचं आणि वीस हंडे देऊन गप बसायचं. त्यातलं पिण्याचं आणि गाईचं आधी काढायचं. भांडी राखेनं घासायची आणि वरून ओला हात फिरवायचा. आंघोळ दगडावर न करता घमेल्यात उभं राहून करायची. घमेलं उचलून झाडाला. ठकूबाईच्या मानेत हंड्यानं एक कळ धरली होती, ती डावीकडं वळून बघायला गेली की अख्खी बाई वळायची.

अशात एक दिवस कृषी सहायक जानकू भाऊसाहेब फटफटीवर आले. सदतीस वाड्यावस्त्या त्यांच्या एकट्याच्या गळ्यात होत्या आणि त्या सगळ्यांची धूळ त्यांच्या चेहऱ्यावर होती.

"हौशीराम, फळबागा जगवायला टँकर मंजूर झालाय," ते म्हणाले. "पठाराला एकच. मिरगापर्यंत हप्त्याला दोन खेपा. ज्याच्या झाडाला खरा ताण त्याला."

"खरा म्हंजी?"

"सगळेच म्हणतात माझी झाडं मेली. म्हणून यंत्र येतंय पुण्याहून. पानावर पडलेला उजेड मोजतं. झाड कितपत तहानलंय ते आकड्यात सांगतं. यंत्राला वशिला नाय लागत."

हे शेवटचं वाक्य जानकू भाऊसाहेब अशा काही दुःखानं बोलले की जणू त्यांच्याच नोकरीवर यंत्र येणार होतं.

यंत्र सोमवारी आलं. पुण्याच्या संस्थेतली एक पोरगी ते पाठीवर बांधून आली. रूही तिचं नाव, मूळची जुन्नरची, वडिलांचं तिथं बांगड्यांचं दुकान. पाठीवर जड पेटी, पेटीतून निघालेली काळी नळी आणि नळीच्या टोकाला पिस्तुलासारखी मूठ. ते पिस्तूल बघून गाय दावं तोडून पळाली. तिला आणण्यात पहिला तास गेला.

"काका, सोपं आहे," रूही म्हणाली. "पानात पाणी असलं की उन्हातला एक ठरावीक उजेड ते गिळून टाकतं. पाणी नसलं की तोच उजेड परत फेकतं. किती परत फेकला ते हे मोजतं."

हौशीरामनं विचार केला. "तहानलेल्या मानसाला कोरडी भाकर गिळवत न्हाई. तसंच की."

"अगदी तसंच."

"मंग यवढी पेटी कशाला आनली? मला इचारायचं."

रूही हसली. तिनं पिशवीतून एक पांढरीशुभ्र चकती काढून ओट्यावर ठेवली. बशीएवढी, खडूसारखी पांढरी. आधी यंत्राला ही पाटी दाखवायची, पूर्ण उजेड म्हणजे केवढा ते त्याला समजतं, मग पान दाखवायचं. पाटीला हात लावायचा नाही. एवढं सांगून ती पेटीच्या वायरी जोडायला वाकली.

ठकूबाईनं हात लावला नाही. तिनं फक्त बोट लावलं. घरात नवं अवजार आलं की त्याला हळदीकुंकू लावल्याशिवाय कामाला जुंपायचं नाही, ही तिच्या सासरची रीत. पेटीला लावलं, पिस्तुलाला लावलं आणि पाटी बिचारी मध्ये बसलेली, तिला कसं वगळायचं? कपाळ मोठं होतं म्हणून जरा मोठंच लावलं.

रूहीनं वळून पाहिलं आणि खालीच बसली.

"काय झालं वं पोरी? ऊन लागलं का?" ठकूबाई म्हणाली, आणि चूक लक्षात येताच पदर ओला करून पाटी पुसायला धावली. कुंकू हळदीत मिसळून सगळीकडं पसरलं. आता पाटी झेंडूच्या रंगाची झाली.

रूही रागावली नाही. रागावण्याइतकी ती ताजीतवानी नव्हती, सहा गावं फिरून आली होती. "बारीक पॉलिश पेपर पाहिजे," ती म्हणाली. "पाण्याखाली धरून घासली की पांढरी होते."

हौशीराम एस्टीनं आळेफाट्याला गेला. जवरीलालच्या दुकानात रंगापासून खिळ्यापर्यंत सगळं मिळायचं. त्याची तिसरी पिढी फाट्यावर होती आणि मराठी हौशीरामपेक्षा तिखट.

"सगळ्यात बारीक पॉलिश पेपर द्या शेठ."

"काय घासायचंय?"

"पांढरी पाटी. उजेड मोजायची."

जवरीलालनं त्याच्याकडं चष्म्यावरून पाहिलं. "हौशीराम, टोपी घालत जा राव उन्हात."

परत येईस्तोवर दिवस कलला. पाटी घासायला स्वच्छ वाहतं पाणी लागतं, म्हणून ठकूबाईनं पिण्याचा हंडा काढला आणि वरून धार धरली. रूही घासत होती. पाणी खाली पडत होतं आणि हौशीरामचा जीव त्या पाण्यामागं धावत होता. त्यानं खुरपं आणलं, बोटभर सारणी ओढली आणि ते पिवळं पाणी कडेच्या झाडाच्या आळ्यात सोडलं. पाटी पांढरी झाली. हंडा रिकामा झाला.

"काका," रूहीनं वहीत एक फुली मारली, "ते झाड आता मोजता नाही येणार. त्याला पाणी पाजलंत."

मंगळवारी आभाळात ढग. पाऊस द्यायची त्यांची ऐपत नव्हती, नुसतं उन्हापुढं येऊन उभे राहायचे. उजेड हलला की आकडा हलतो, म्हणून दुपारी अकरा ते एक स्वच्छ ऊन पाहिजे. तिघं एका रांगेत ओट्यावर बसून आभाळाकडं बघत होती. दोन वर्षं ज्यांची वाट पाहिली त्या ढगांना हौशीराम हात जोडून म्हणाला, "आज नको रं बाबांनो, सरका." आणि मग आपण काय बोललो ते ऐकून त्यानं जीभ चावली.

बुधवारी ऊन पडलं. पण आता नवीनच निघालं.

"पांढरे कपडे नको," रूही म्हणाली. ती स्वतः गळ्यापासून टाचेपर्यंत काळ्यात होती. "कपड्यावरचा उजेड पानावर पडतो. काळं घाला. टोपी पण काढा."

हौशीरामकडं अंगावरचा पांढरा सदरा होता आणि दांडीवरचा पांढरा सदरा होता. घरात पुरुषानं घालावं असं काळं एकच होतं, घोंगडं. मे महिन्याच्या भर दुपारी त्यानं ते अंगभर लपेटलं. लोकर घामानं भिजून जड झाली, मानेला कुसळासारखी टोचायला लागली. टोपी काढताना मात्र त्याचा हात थांबला. बाप गेला तेव्हा काढली होती, आई गेली तेव्हा काढली होती. त्यानंतर आज. अर्धं कपाळ काळं आणि अर्धं पांढरं असा तो आपल्याच बागेत बोडका उभा राहिला आणि त्याला सदरा काढल्यासारखं वाटलं.

पुढं काळ्या कपड्यातली रूही, मागं पाटी दोन हातांवर धरलेला बोडका हौशीराम, त्याच्यामागं वही घेतलेले जानकू भाऊसाहेब, त्यांनाही टोपी काढायला लावलेली. माना खाली घालून एकेका झाडापाशी थांबत सगळे हळूहळू चाललेले. ठकूबाई पिवळ्या लुगड्यात होती म्हणून तिला घरात कोंडलं होतं.

भागूनं हे बांधावरून पाहिलं. बोडकी माणसं पाहिली, घोंगडं पाहिलं, ठकूबाई कुठं दिसेना हेही पाहिलं. भागू सायकलवर बसला. अर्ध्या तासात पलीकडच्या वस्तीवरून हौशीरामची थोरली बहीण सारजाबाई छाती पिटत आली.

"आगं माझ्या वयनीऽऽ! आगं माझ्या सोन्याऽऽ! कधी कुनाला उलटून न्हाई बोललीस गं! तुझ्या हातची पुरनपोळी गं! माझा भाऊ तू हुतीस म्हनून मानसात हुता गं!"

ठकूबाई दाराची कडी काढून बाहेर आली. "काय झालं वं वन्सं? कोन गेलं?"

सारजाबाईचा हात छातीवर तसाच राहिला. तिनं वहिनीला वरून खाली पाहिलं आणि तिचा चेहरा हळूहळू रागानं लाल झाला. तीस वर्षांत जे एकदाही तोंडातून काढलं नव्हतं ते सगळं आज फुकट गेलं होतं.

"जिती हायस तर सांगायचं न्हाई का?"

"आता बोललाय ते माघारी घ्यायचं न्हाई," ठकूबाई म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. मागून आलेल्या आठ-दहा जणांनाही चहा द्यावा लागला. त्यात हंड्यातलं पाणी तळाला गेलं.

मोजायला दोन दिवस लागले. उन्हात डोळे चुरचुरायला लागले, पाटी धरून हौशीरामच्या दंडाला मुंग्या आल्या. रूही प्रत्येक झाडाचं तीन ठिकाणचं उरलंसुरलं पान मोजायची आणि आकडा सांगायची; पानच नसलं तर नुसती मान हलवायची. भाऊसाहेब तिच्या वहीत ओळ आणि झाड लिहून घ्यायचे. गुरुवारी एक वाजता ती सावलीत टेकली आणि म्हणाली, "काका, सहा गावांत एवढा आकडा कुठंच नाही आला. लई ताण आहे झाडांना."

हौशीरामनं घोंगडं खांद्यावर सैल केलं. टँकर बागेच्या बांधाला लागलेला त्याला दिसायला लागला.

भाऊसाहेबांनी फॉर्म मांडीवर घेतला. एव्हाना भागू, सारजाबाई आणि चहाला चटावलेली चार माणसं गोळा झाली होती.

"ताण कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"ताणाचं कारण?"

हौशीराम घुटमळला. सगळे बघत होते. भागूच्या मिशीत हसू होतं. अशा वेळी तोंडाला जे वळण पडलेलं असतं तिकडंच ते जातं.

"ताण दिलाय," तो म्हणाला.

"कुणी?"

"मीच. दुसरं कोन देनार?"

भाऊसाहेबांनी मान वर केली नाही. त्यांना अजून तीन बागा उरकायच्या होत्या. त्यांनी कारणाच्या रकान्यात ‘शेतकऱ्याने स्वतः दिला’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि सहीसाठी बोट दाखवलं. हौशीरामनं सही केली. घामाचा एक थेंब सहीवर पडला, तो त्यानं घोंगड्यानं टिपला.

दुसऱ्या दिवशी भागूची सीताफळं मोजून झाल्यावर त्याच्या फॉर्मवर भाऊसाहेबांनी तोच प्रश्न विचारला तेव्हा भागूनं आभाळाकडं बोट केलं. "त्यानं दिला." रकान्यात ‘नैसर्गिक’ आलं.

आठवड्यानं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर यादी लागली. हौशीरामनं ती दोनदा वाचली. आकडा सगळ्यात मोठा त्याचाच होता. त्यापुढं लिहिलं होतं: ‘बहारासाठी मुद्दाम ताण दिल्याने पाण्याची गरज नाही.’ टँकर भागूला.

"मी काय करू गड्या?" भागू खरोखरच ओशाळला होता. "टाकी न्हाई, आळी न्हाई. यवढं पानी वतू कुठं? आन् माझ्या नावचं दुसरीकडं वतलं तर गुन्हा हाय म्हनतो टँकरवाला."

दुसऱ्या दिवशी हौशीराम टोपी धुऊन, घालून जुन्नरला तालुक्याच्या हापिसात गेला. दोन तास बाकावर बसल्यावर साहेबानं आत घेतलं.

"ताण तुम्ही दिला असं तुम्हीच लिहून दिलंय."

हौशीरामनं आजूबाजूला पाहिलं. खोलीत शिपाई होता, दोन कारकून होते, खेड्यावरचे चार जण होते. "साहेब, दिला न्हवता. पानीच न्हवतं. तसं म्हनायची पद्धत हाय आमच्यात."

"पाणी नव्हतं?"

"न्हवतं."

साहेबानं सातबारा उलटला. "इथं तर विहीर बागाईत लागलंय. विहीर आहे म्हणजे पाणी आहे."

"हीर हाय, पर आटलेली. पानी न्हाई."

"मग ‘पाणी नाही’ अशी नोंद करून आणा. पण मग बागाईत जाईल आणि जिराईत लागेल." साहेबांनी सातबारा मिटला. त्यांनाही गुंता दिसला असावा. "आणि जिराईतावर फळबाग नसते. म्हणजे टँकरच बसत नाही."

हौशीरामनं टोपी सारखी केली. त्यानं नमस्कार केला आणि बाहेर आला.

स्टँडवर रूही उभी होती, सुट्टीला घरी आली होती. तिनंच हाक मारली. यादी तिनं पाहिली होती.

"काका, यंत्राला तहान दिसते. कुणामुळं ते नाही दिसत." मग तिनं पिशवीतून वही काढली. "माझ्याकडं एकेका झाडाचा आकडा आहे. तुमच्याकडं पाणी किती आहे? खरं सांगा."

एस्टी लागली होती. माणसं धक्के देत चढत होती. हौशीरामनं इकडंतिकडं पाहिलं नाही.

"पिन्याचं अन् गाईचं काढून बोराचं रोज सोळा हंडं उरतं," तो म्हणाला. "घरचं भांड्याकुंड्याचं बी झाडालाच जातं. धरून सोळाच समजा."

"झाडाला सहा दिवसांतून एक हंडा. म्हणजे नव्वद-पंच्याण्णव." तिनं वहीवर पेन फिरवत नव्वद आकड्यांना गोल केले. "यांच्यात अजून दम आहे. ही जगतील. बाकीची छाटा, बुडापासून. उभी राहिली तर आसपासची ओल ओढतात आणि जगणाऱ्यांना मारतात." तिनं पान फाडून दिलं. "वाईट वाटून घेऊ नका."

"वाईट कशाचं? तुमी सांगितलं तरी."

शुक्रवारी सकाळी दोघं करवत घेऊन पहिल्या ओळीला लागली. ठकूबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून हौशीरामनं जगणाऱ्या झाडांना आधीच तिच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या होत्या. चिंधी नसलेलं पहिलं झाड लाकूडच होतं, कटकन तुटलं. दुसरं तसंच. करवतीतून कोरडा भुसा उडून भुवयांवर बसला. हौशीरामला बरं वाटायला लागलं होतं. मेलेलीच कापायची आहेत, सरपण होईल.

बिनचिंधीच्या तिसऱ्या झाडाचं पहिलं खोड अर्ध्यात आलं आणि करवत जड झाली. त्यानं ती ओढून बाहेर काढली. दात्यांना भुसा चिकटला होता, ओला. सालीखाली हिरवी रेघ होती.

हौशीरामनं खिशातला कागद काढला. ओळ पहिली, झाड नववं. पुन्हा पाहिलं. गोल नव्हता.

"जितं हाय गं," तो म्हणाला.

"दिसतंय मला."

"मंग?"

ठकूबाईनं नख लावून ती हिरवी रेघ थोडी खरवडली आणि नख लुगड्याला पुसलं. मान वळत नव्हती म्हणून ती अख्खीच वळली आणि चिंध्या बांधलेल्या झाडांकडं बघून परत फिरली.

"मंग काय. हंडं सोळाच हायत."

तिनं खोड दोन्ही हातांनी आपल्याकडं ओढून धरलं, करवत अडकू नये म्हणून. हौशीरामनं पातं त्याच खाचेत लावलं. ते घसरलं. परत लावलं, परत घसरलं.

"बसून कापा," ती म्हणाली. "उभ्यानं पातं ठरत न्हाई."

तो खाली बसला.